नक्षी त्याची, नफा दुसऱ्यांचा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रोजेक्ट केला नाही असा विद्यार्थी शोधावाच लागेल. काचवाल्याकडून आरशाच्या तीन सारख्या पट्ट्या कापून आणायच्या, त्रिकोणात उभ्या करून चिकटपट्टीने बांधायच्या, पुठ्ठ्याच्या नळीत सरकवायच्या आणि एका टोकाला पारदर्शक कागदावर आईच्या फुटक्या बांगड्यांच्या काचा टाकायच्या. नळी डोळ्याला लावून फिरवली की नक्षी. पुन्हा फिरवली की दुसरी. झालं, कॅलिडोस्कोप तयार! मराठी पुस्तकांत त्याला शोभादर्शक असं भारदस्त नाव आहे, पण बोलताना ते कुणी वापरत नाही. सरांनी दहापैकी आठ मार्क दिले आणि नळी माळ्यावर गेली.

ही नळी कधीकाळी युरोपातलं सगळ्यात ‘हॉट’ गॅजेट होती. 1817 साली तिचं पेटंट निघालं. तीन महिन्यांत एकट्या लंडन आणि पॅरिसमध्ये मिळून दोन लाख नग खपले, असा त्या काळातला अंदाज आहे. लोक रस्त्याने चालता चालता नळीत बघायचे, आज आपण मोबाइलमध्ये बघतो तसे. आणि ज्याने ती शोधली, त्या माणसाच्या हाती त्यातलं जवळजवळ काहीच आलं नाही.

त्याचं नाव डेव्हिड ब्रूस्टर. फिजिक्सवाल्यांना हे नाव ‘ब्रूस्टर अँगल’मुळे माहीत असेल. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एक ग्राफ, एक टॅनजंट, व्हायव्हात एक प्रश्न, एवढीच ओळख. तो अँगल आणि ती नळी एकाच माणसाची, आणि एकाच कामातून निघालेली, हे मात्र व्हायव्हात कुणी विचारत नाही.

स्कॉटलंडमध्ये, इंग्लंडच्या हद्दीजवळ जेडबरा नावाचं छोटं गाव आहे. तिथे 11 डिसेंबर 1781 रोजी ब्रूस्टर जन्मला. वडील गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. आई तो लहान असतानाच गेली. हुशार मुलाने धर्मगुरू व्हायचं, हे घरात ठरलेलंच होतं. आपल्याकडे इंजिनीअरिंग ठरलेलं असतं तसं. पण गावापासून थोड्या अंतरावर इंचबॉनी नावाच्या वाडीत जेम्स व्हीच नावाचा कारागीर राहायचा. त्याचा धंदा नांगर बनवण्याचा. नाद मात्र दुर्बिणींचा. कुठल्याही कॉलेजात न जाता तो स्वतःच भिंगं आणि आरसे घासायचा, आकाश बघायचा आणि आसपासच्या पोरांना बघू द्यायचा. छोटा डेव्हिड त्या कार्यशाळेत पडीक असायचा. दहाव्या वर्षी त्याने स्वतःच्या हाताने दुर्बीण बनवली. शाळेत वडिलांनी त्याला लॅटिन शिकवलं असेल, पण काच कशी घासायची आणि तिच्यातून आलेला प्रकाश डोळ्याने कसा तपासायचा हे त्याला नांगरवाल्याने शिकवलं. त्याच्या आयुष्यात पुढे जे काही चांगलं घडलं, आणि जे काही अवघड झालं, ते बरंचसं या दुसऱ्या शिक्षणातून आलं असं मला वाटतं.

बाराव्या वर्षी तो एडिंबराच्या विद्यापीठात दाखल झाला. तेव्हा एवढ्या लहान वयात प्रवेश मिळायचा. 1804 मध्ये त्याला चर्चमध्ये प्रवचन द्यायचा परवाना मिळाला. अडचण एकच होती. लोकांसमोर उभं राहिलं की त्याची गाळण उडायची. ‘स्टेज फिअर’ म्हणतो ना आपण, तेच, आणि तेही चांगलंच जबर. प्रवचनाची वाट त्याने हळूहळू सोडून दिली आणि पोटापाण्यासाठी शिकवण्या, लेखन, संपादन असं जे मिळेल ते धरलं. 1808 मध्ये त्याने ‘एडिंबरा एन्सायक्लोपीडिया’ या ज्ञानकोशाचं संपादन हाती घेतलं. ते काम संपायला 1830 उजाडलं. बावीस वर्षं! कायम पगाराची नोकरी नाही, घरात बायकामुलं, डोक्यावर कोशाचं ओझं, आणि उरलेल्या वेळात घरीच प्रकाशाचे प्रयोग.

आता जरा त्या प्रयोगांकडे वळू. 1808 मध्ये मालुस नावाच्या फ्रेंच इंजिनीअरने पॅरिसमधल्या एका राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला प्रकाश एका खास स्फटिकातून पाहिला होता. स्फटिक फिरवला की खिडक्यांची चकाकी कमी-जास्त व्हायची. काचेवर आपटून आलेला प्रकाश साध्या प्रकाशापेक्षा वेगळा असतो, हे त्यातून समजलं. याला आपण पोलरायझेशन म्हणतो. साध्या प्रकाशाच्या लहरी आपल्या मार्गाला काटकोनात, पण सगळ्या बाजूंना थरथरत असतात. परावर्तनानंतर त्यातली एकाच दिशेची थरथर जास्त उरते. (हे मी लहरींच्या भाषेत सांगितलं म्हणून ब्रूस्टर माझ्यावर चिडला असता. का ते पुढे येईलच.)

चकाकी पूर्णपणे पोलराइज होण्यासाठी प्रकाश एका ठराविक कोनात पडावा लागतो. हा कोन पदार्थाप्रमाणे बदलतो. त्या कोनाचा पदार्थाच्या अपवर्तनांकाशी काही संबंध नाही, अशी मालुसची समजूत होती. ब्रूस्टर मोजत बसला. पाणी, काच, वेगवेगळी खनिजं, जे हाताला लागेल ते. काचेने त्याला बराच त्रास दिला, कारण तिचा पृष्ठभाग हवेने हळूहळू बदलतो आणि एकाच काचेचे आकडे वेगवेगळे येतात. पण बाकीचे पदार्थ एका सुरात बोलत होते. 1815 मध्ये त्याने नियम मांडला: त्या कोनाचा टॅनजंट म्हणजेच अपवर्तनांक. एका ओळीचं समीकरण. पाण्यासाठी हा कोन साधारण 53 अंश येतो, साध्या काचेसाठी 56 च्या आसपास. पोलराइज्ड गॉगल लावून तलावाकडे पाहिलं की वरची चकाकी जाते आणि खालचे मासे दिसतात ती याचीच करामत. फोटोग्राफर लेन्सवर जो पोलरायझिंग फिल्टर लावतात, त्याच्यामागेही हेच गणित.

त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं. वय वर्षं 33, आणि नोकरी अजून नाहीच.

नळीचा जन्म याच धामधुमीतला. काचेच्या दोन पट्ट्या जवळजवळ ठेवून त्यांच्यामध्ये प्रकाश अनेकदा आपटवत असताना ब्रूस्टरला मेणबत्तीच्या प्रतिमा वर्तुळात मांडल्यासारख्या दिसल्या होत्या. तेव्हा त्याने ते बाजूला ठेवलं. पुढे बिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाचा द्रवांवरचा प्रयोग करून बघण्यासाठी त्याने काचांची एक छोटी पन्हळ केली होती. जोडताना लावलेलं चिकट लुकण फटीतून थोडंसं आत आलं. हा ओबडधोबड ओघळ काचांच्या टोकाशी होता, आणि आतून पाहिलं तर त्याची सुंदर, समतोल नक्षी झालेली! आपण असतो तर लुकण खरवडून प्रयोग पुढे नेला असता. ब्रूस्टर मात्र तिथेच थांबला.

त्याने नक्षी नेमकी कधी जुळते ते शोधून काढलं. दोन आरशांमधला कोन 360 ला पूर्ण भाग देणारा हवा, आणि भागाकार सम यायला हवा. 60 अंश ठेवला तर सहा पाकळ्या, 45 ला आठ, 30 ला बारा. वस्तू आरशांच्या टोकाला अगदी चिकटून हवी. जरा लांब गेली की जोड फाटलेला दिसतो. आणि डोळा दोन आरसे मिळतात त्या कडेजवळ हवा. आपली शाळेतली नळी तीन आरशांची. तिच्यात नक्षी सगळीकडे पसरत जाते. ब्रूस्टरची मूळ नळी दोन आरशांची, तिच्यात मधोमध एकच फूल दिसतं, रांगोळीसारखं. घरी जुने आरसे असतील तर नळीबिळी काही नको. दोन आरसे पुस्तकासारखे उघडून टेबलावर उभे करा, मध्ये चार रंगीत मणी टाका आणि कोन हळूहळू कमी करत जा. 72 अंशांना पाच पाकळ्या होतात, पण भागाकार विषम असल्याने मण्यांची रचना वाकडीतिकडी असेल तर मागची पाकळी नीट जुळत नाही. 60 वर आणलं की एकदम सगळं जागच्या जागी बसतं.

नाव त्याने ग्रीक शब्दांतून बनवलं: सुंदर, रूप आणि पाहणं हे तीन शब्द जोडून कॅलिडोस्कोप. हे मुलांचं खेळणं होईल असं काही त्याच्या मनात नव्हतं. गालिचे विणणारे, भिंतीचे कागद छापणारे, नक्षीकाम करणारे कारागीर यांना डिझाइन सुचवणारं यंत्र, अशी त्याची कल्पना होती. म्हणजे आजच्या भाषेत डिझाइन सॉफ्टवेअर!

मग पेटंट. इथे स्टार्टअपवाल्यांनी कान टवकारावेत. पेटंट तर निघालं, पण ऑर्डर मिळवण्यासाठी नमुना लंडनच्या भिंगवाल्यांना दाखवला गेला आणि विक्रीला पुरेसा माल तयार होण्याआधीच आतली गोष्ट बाहेर फुटली. वस्तू इतकी सोपी होती की एकदा उघडून पाहिली की कुणीही बनवावी. पत्र्याच्या, पितळेच्या, पुठ्ठ्याच्या नळ्या गल्लोगल्ली विकायला आल्या. बर्मिंगहॅमच्या फिलिप कार्पेंटरला बनवण्याचं अधिकृत काम दिलं होतं, पण एकट्याने किती पुरवणार? मागणी भलतीच पुढे गेली होती. शिवाय कुणी म्हणे, दोन आरशांची गंमत शंभर वर्षांपूर्वीच पुस्तकात आली आहे, यात नवीन काय? ब्रूस्टरच्या बाजूने नामवंत प्राध्यापकांनी लिहून दिलं, पण तोवर बाजार उठला होता. 1819 मध्ये त्याने कॅलिडोस्कोपवर अख्खं पुस्तक लिहिलं. पैसे बुडाले याचं दुःख त्याला होतंच; पण बाजारातल्या लाखो नळ्यांपैकी नियमाप्रमाणे बनवलेल्या फारच थोड्या होत्या, कोन चुकलेले, टोकं लांब राहिलेली, हे त्याला जास्त लागलं असावं. कारण पुस्तकाचा मोठा भाग नळी बरोबर कशी बनवायची यावरच आहे.

जाता जाता एक गोष्ट. हाच कार्पेंटर पुढे ‘मॅजिक लँटर्न’च्या काचा छापून विकण्यासाठी प्रसिद्ध झाला. दिव्यापुढे चित्रांच्या काचा धरून पडद्यावर मोठी चित्रं दाखवणारं ते यंत्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी त्याच तंत्रावर हाताने रंगवलेल्या काचांचे जे खेळ केले, ते ‘शांबरिक खरोलिका’ नावाने आपल्याला माहीत आहेत. सिनेमाच्या आधीचा आपला सिनेमा.

ब्रूस्टरने आणखी काय काय केलं याची यादी लांबलचक आहे. काचेवर दाब दिला की पोलराइज्ड प्रकाशात तिच्यात रंग उमटतात, हे त्याने दाखवलं. आजही वस्तूच्या आतला ताण तपासायला ही पद्धत वापरतात. लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन चालू करा, पुढे पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरा आणि पोलराइज्ड गॉगल फिरवत बघा. पट्टीत इंद्रधनुष्य दिसेल. दीपगृहात धातूच्या आरशांऐवजी तुकड्यातुकड्यांनी जोडलेली मोठी भिंगं वापरावीत म्हणून तो वर्षानुवर्षं भांडला. स्कॉटलंडच्या इंचकीथ दीपगृहावर असं भिंग बसलं ते 1835 मध्ये. 1831 मध्ये यॉर्क इथे ब्रिटिश असोसिएशन ही विज्ञानप्रसाराची संस्था सुरू झाली, तिच्यामागे मुख्य धडपड त्याची. पुढच्याच वर्षी त्याने कादंबरीकार वॉल्टर स्कॉटला उद्देशून पत्रांच्या रूपात एक पुस्तक लिहिलं. भुतं, आरशातल्या आकृत्या, जुन्या मंदिरांतले चमत्कार, या सगळ्यामागचं विज्ञान त्यात उलगडलं होतं. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते चमत्कार स्वतः करून दाखवतात आणि मग युक्ती सांगतात, त्याच धाटणीचं काम.

आणि नोकरी? 1833 च्या सुरुवातीला एडिंबरा विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा भरली गेली. ब्रूस्टर एकावन्न वर्षांचा, पदकांनी लगडलेला. जागा मिळाली जेम्स फोर्ब्स नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाला. ज्याचे पहिले लेख ब्रूस्टरनेच आपल्या नियतकालिकात छापले होते, त्यालाच! नेमणूक गावच्या नगरपालिकेच्या हातात होती आणि राजकीय गट वेगळे होते. बाकी तपशील सांगायला नको. शेवटी 1838 मध्ये, वयाच्या 56 व्या वर्षी, सेंट अँड्र्यूजच्या कॉलेजचं प्राचार्यपद मिळालं आणि पहिल्यांदा त्याचा महिन्याचा घोर मिटला.

इथवर वाचून त्याच्याबद्दल वाईट वाटलं असेल, तर दुसरी बाजूही बघायला हवी. ब्रूस्टर भांडखोर होता. स्टिरिओस्कोपचीच गोष्ट घ्या. दोन डोळ्यांना थोडी वेगवेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यांचं एकच खोलीदार चित्र करतो, हे चार्ल्स व्हीटस्टोनने 1838 मध्ये आरशांचं यंत्र करून दाखवलं. ब्रूस्टरने आरशांऐवजी भिंगं वापरून ते हातात मावणाऱ्या पेटीत बसवलं. पॅरिसच्या एका कारखानदाराने त्या पेट्या बनवल्या, 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्या मांडल्या, राणी व्हिक्टोरियाला आवडल्या, आणि मग घराघरांतल्या दिवाणखान्यात त्या पोचल्या. 2014 मध्ये आलेलं गूगल कार्डबोर्ड आठवतंय? पुठ्ठ्याची पेटी, दोन भिंगं, आत मोबाइल. तीच ही. आता पेटी त्याची, पण मूळ शोध व्हीटस्टोनचा, हे मान्य करून मोकळं व्हायचं ना! तर नाही. व्हीटस्टोनचं श्रेय कमी करण्यासाठी त्याने वर्तमानपत्रांत पत्रापत्री केली. स्वतःची नळी लोकांनी पळवली म्हणून आयुष्यभर हळहळणारा माणूस दुसऱ्याच्या बाबतीत असा वागला. हे मला पटत नाही.

सगळ्यात मोठं भांडण मात्र प्रकाशाशीच होतं. प्रकाश म्हणजे काय? न्यूटनच्या मते बारीक कणांचा मारा. यंग आणि फ्रेनेल म्हणाले, लहरी. ब्रूस्टर न्यूटनचा भक्त. त्याने न्यूटनचं चरित्र एकदा छोटं लिहिलं, एकदा दोन खंडांत लिहिलं. पण गंमत अशी की ब्रूस्टरने मोजून काढलेला कोन तसाच का येतो, याचं चोख उत्तर फ्रेनेलने दिलं ते लहरींच्या गणितातून. ब्रूस्टरचेच आकडे लहरीवाल्यांच्या कामी आले. तरी तो बधला नाही. लहरी वाहून नेणारा, सगळीकडे भरलेला पण कुणालाच न दिसणारा ‘ईथर’ मानायला त्याची तयारी नव्हती. 1850 मध्ये फूकोने पाण्यात प्रकाश हवेपेक्षा हळू चालतो हे प्रयोगाने दाखवलं, आणि बहुतेकांसाठी वाद संपला. ब्रूस्टरसाठी नाही.

त्याला निव्वळ हट्टी म्हणून सोडून देता येईल का? मला तसं वाटत नाही. 1830 च्या दशकात त्याने एका तांबूस वायूतून प्रकाश नेला, तर रंगपटात काळ्या रेघाच रेघा दिसल्या. त्याचा प्रश्न साधा होता: ईथर एका छटेला जाऊ देतो आणि तिला खेटून असलेल्या छटेला अडवतो, ते कसं? त्या वेळच्या लहरीवाल्यांपैकी कुणाकडे याचं समाधानकारक उत्तर नव्हतं. ते मिळायला विसाव्या शतकातलं क्वांटम विज्ञान यावं लागलं, आणि ईथरही तोवर पुस्तकांतून गेला होता. म्हणून ब्रूस्टर बरोबर होता असं अजिबात नाही. पण डोळ्याला दिसतंय आणि गणितात बसत नाहीये, तेव्हा त्याने डोळ्याची बाजू घेतली. नांगरवाल्याच्या कार्यशाळेत वाढलेल्या पोराकडून दुसरी कसली अपेक्षा करणार?

पुढे तो एडिंबरा विद्यापीठाचा प्राचार्य झाला. ज्या विद्यापीठाने प्राध्यापक म्हणून नाकारलं होतं, तिथलाच. ऐंशी ओलांडली तरी प्रयोग चालूच होते. शेवटच्या काळात त्याने विषय निवडला साबणाच्या फुग्यांचा. फुग्याच्या पातळ पडद्यावर रंग कसे वाहतात, कुठे पट्टे होतात, फुटण्याआधी काळा डाग कुठे येतो, हे तो तासन् तास बघत बसायचा, आणि त्यावरचा निबंध 1867 मध्ये छापून आला. पडद्याच्या जाडीमुळे लहरी एकमेकींत मिसळतात आणि रंग दिसतात, हे उत्तर तोवर जवळपास सगळ्यांनी मान्य केलं होतं. पंच्याऐंशी वर्षांच्या ब्रूस्टरला ते तेव्हाही पटलं नाही. 10 फेब्रुवारी 1868 रोजी मेलरोजजवळच्या आपल्या घरी तो वारला. मेलरोजच्या जुन्या मठाच्या आवारात, जेडबरापासून काही मैलांवरच, त्याला पुरलं आहे.